फेकण्याआधी मोजा

संगणक चालू होत नाही अशी तक्रार घेऊन गेलं की दुकानातून ठरलेलं उत्तर येतं : ‘एसएमपीएस गेला. नवा घाला.’ एखादा जाणता इंजिनिअर भेटला तर तो पुढची ओळ जोडतो : ‘आणि त्याला हात लावू नका. दुरुस्त करायची ती वस्तू नव्हे. नवख्यानं तर नादीच लागू नये.’ ही वाक्यं इतक्या तोंडांतून आणि इतक्या ठामपणे येतात की त्यांना कायद्याचं वजन आलं आहे. पहिलं वाक्य बहुतेक वेळा काही न तपासता उच्चारलेलं असतं आणि दुसरं अर्धंच खरं असतं. धादांत खोटं बोलणं खोडणं सोपं. अर्धं खरं असलं की त्याचा सावकाश समाचार घ्यावा लागतो.

आधी प्रतिपक्षाची बाजू पुरती मांडतो. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज देणाऱ्या, पेटीत जिवावर बेतेल एवढा विद्युतदाब असतो, हा त्यांचा पहिला मुद्दा. नवा एसएमपीएस इतका स्वस्त मिळतो की दुरुस्तीत घालवलेला वेळ परवडत नाही, हा दुसरा. सर्किट डायग्रॅम कोणी देत नाही, त्यामुळे आत काय पाहायचं ते कळतच नाही, हा तिसरा. आणि नवख्याच्या हातची कच्ची दुरुस्ती पुढे मदरबोर्ड, हार्ड डिस्क, प्रसंगी घरही जाळू शकते, हा चौथा. यांतला एकही मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र चारही मुद्दे एक गोष्ट मुकाट्यानं गृहीत धरतात, ती म्हणजे बिघाड एसएमपीएसमध्येच आहे आणि एसएमपीएसमुळेच झाला आहे. हे ठरवलं कोणी, आणि कशावरून?

कफ परेडच्या मच्छीमार नगरासारख्या वस्तीत हा प्रश्न जास्त बोचतो. एका अंगाला उंच इमारती आणि कचेऱ्या, दुसऱ्या अंगाला बॅकबेचं पाणी. इथल्या संगणकावर मुलांचे अभ्यास होतात. बोटीची नोंदणी, मासेमारीचा परवाना, डिझेलच्या परताव्याचे कागद यांचीही कामं हल्ली संगणकाशिवाय हलत नाहीत. यंत्र बंद पडलं की ते उचलून लॅमिंग्टन रोड गाठायचा, हा दक्षिण मुंबईचा जुना रिवाज. रस्त्याचं नाव बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं, तरी सुटे भाग घेणारा लॅमिंग्टन रोडच म्हणतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत आली आणि आता तिथून थेट ग्रँट रोडला उतरता येतं. जाणं-येणं सुधारलं, पण तिथे मिळणारा सल्ला होता तिथेच आहे.

त्या सल्ल्यात वस्तीच्या हवेला जागाच नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. एसएमपीएसचा पंखा दिवसभर तीच हवा पेटीतून ओढतो आणि मीठ मिसळलेली धूळ आतल्या बोर्डावर बसते. कोरड्या दिवसांत ती निरुपद्रवी असते. पण साधं मीठ हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी शोषून ओलं होतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ही मर्यादा रोज ओलांडली जाते. ओलं मीठ वीज वाहून नेतं. मग जिथे दोन सोल्डरच्या टाक्यांमध्ये तीनशे व्होल्टचा फरक आहे, तिथे त्या ओल्या थरातून करंट गळायला लागतो, बोर्ड काळा पडतो आणि एके दिवशी ठिणगी उडते. कनेक्टरच्या पिनांवर गंज चढतो, गंजलेली पिन तापते, प्लास्टिक पिवळं-तपकिरी होतं. हे सगळं न पाहता नवी पेटी बसवली, तर नव्या पेटीच्या नशिबीही तेच आहे. बोटीच्या पंख्यात जाळं गुंतलं म्हणून कोणी तांडेल नवं इंजिन मागवत नाही. आधी पंख्यात काय अडकलंय ते पाहतो.

दुसरं कारण भिंतीत दडलेलं असतं. दाट वस्त्यांत घरं वाढतात, माळे चढतात, एका बोर्डातून दुसरा बोर्ड काढला जातो आणि या वाढत्या तारांत सर्वांत आधी वगळली जाते ती अर्थिंगची हिरवी तार. सॉकेटला तीन भोकं दिसतात, पण वरच्या मोठ्या भोकामागे काहीच जोडलेलं नसतं. त्याचा एसएमपीएसशी काय संबंध? फार जवळचा. एसएमपीएसमध्ये वीज शिरते तिथे गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पेटीच्या पत्र्यापर्यंत आणि दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा अगदी बारीक करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्याच्यावर निम्मा दाब, म्हणजे साधारण ११५ व्होल्ट दिसतो. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर टेकवला की त्यातला दिवा लागतो. ‘करंट मारतो, एसएमपीएस खराब आहे,’ असा निकाल लगेच दिला जातो. पेटी बदलली जाते. नवी पेटीही करंट मारते, कारण तिच्यातही तेच दोन कपॅसिटर आहेत आणि भिंतीतली तार अजून तुटलेलीच आहे. त्या अधांतरी पत्र्याला मॉनिटरची किंवा केबलची दुसरीकडून जमिनीला टेकलेली तार जोडली, की दोघांमधला फरक पोर्टांतून वाट काढतो. अशा घरात मदरबोर्डचे पोर्ट मेले तर त्याचा दोष कोणाला द्यायचा?

वीज सुरक्षेच्या नियमांनुसार ग्राहकाच्या जागेत अर्थिंगचं टर्मिनल देणं ही वीजपुरवठादाराची जबाबदारी असते. तिथून पुढे सॉकेटपर्यंतची तार ग्राहकाची. परवानाधारक वायरमनला बोलावून ही तार तपासून घेण्याचा खर्च एका नव्या एसएमपीएसपेक्षा फार वेगळा नसतो. पण ‘बदलून टाका’ म्हणणाऱ्याच्या तोंडून हा सल्ला सहसा येत नाही. त्याच्यासमोर फक्त पेटी आलेली असते. घर त्यानं पाहिलेलं नसतं. म्हणूनच निदानाचं काम घरातल्या माणसानं करायला हवं, मग तो कितीही नवखा असो.

‘नवखा निदान कसं करणार?’ असा प्रश्न इथे येईल. एसएमपीएस मुळात काय करतो हे पाहिलं की उत्तर सापडतं. भिंतीतली २३० व्होल्टची वीज पेटीत शिरते आणि पेटीबाहेर येते ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. पेटीतली वीज माणूस मारू शकते. पेटीबाहेरच्या रंगीत तारांतली वीज बोटालाही जाणवत नाही. तिचा एकच जाच : तारा एकमेकींना टेकल्या तर जोराची ठिणगी पडते, म्हणून मीटरच्या सुया जपून धरायच्या. निदानाचा मोठा भाग या बाहेरच्या तारांवर होतो. पेटीचा एकही स्क्रू काढावा लागत नाही. धोक्याचा मुद्दा पुढे करून निदानालाही बंदी घालणारे लोक पेटीच्या आतलं आणि बाहेरचं एकाच दोरीनं बांधतात.

या तारांचे रंग १९९५ साली इंटेलनं आणलेल्या एटीएक्स मानकानं ठरलेले आहेत. पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची, काळी शून्याची. जांभळी तार संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट देत राहते. तिला स्टँडबाय म्हणतात. हिरवी तार काळीला जोडली की एसएमपीएसला ‘चालू हो’ असा निरोप मिळतो. हल्लीच्या काही पेट्यांच्या सगळ्याच तारा काळ्या असतात. तिथे रंग न पाहता पिनांच्या जागा पाहायच्या, त्या बदललेल्या नाहीत.

यावर आधारलेला तपासाचा क्रम शाळकरी मुलालाही पाठ होईल. आधी दुसरं काहीतरी त्याच सॉकेटला लावून वीज आहे का पाहायचं, मग केबल बदलून पाहायची, पेटीमागचं बटण पाहायचं. ‘गेलेल्या’ एसएमपीएसपैकी काही इथेच जिवंत होतात. पुढे जांभळी तार मोजायची. तिथे ५ व्होल्ट नसेल तर दोष पेटीत असण्याची शक्यता दाट. ५ व्होल्ट आहे आणि तरीही संगणक उठत नाही, तर कॅबिनेटच्या पुढच्या बटणाची तार मदरबोर्डवरून काढून त्या दोन पिना क्षणभर जोडायच्या. दोष त्या दहा-वीस रुपयांच्या बटणातही असू शकतो. पंखा एकदा थरथरून थांबत असेल तर बहुधा एसएमपीएस मेलेला नाही, तो स्वतःला वाचवतो आहे : पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. अशा वेळी ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह एकेक करून काढायचे आणि दर वेळी पाहायचं, आता उठतो का. प्रत्येक भाग काढण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करायचं, हे वेगळं सांगायला नको. ज्या भागाला काढल्यावर उठतो तो भाग गुन्हेगार. हे न करता नवी पेटी लावणारा माणूस शॉर्ट असलेल्या भागाला नवीकोरी पेटी जोडतो आणि तीही थरथरून थांबली की ‘हल्ली मालच असा येतो’ म्हणतो.

नंतर पेटी मदरबोर्डपासून सोडवून, भिंतीवरचं बटण बंद असताना हिरवी आणि काळी तार जोडायची, मग बटण चालू करून मोजायचं. मानकानुसार पाच टक्के इकडेतिकडे चालतं : १२ च्या जागी ११.४ ते १२.६, ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५, ३.३ च्या जागी साधारण ३.१४ ते ३.४७. यापलीकडचा आकडा म्हणजे पुरावा. तीन-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर या कामाला पुरतो. भिंतीतली वीज मोजायला मात्र असला स्वस्त मीटर वापरू नये. ते काम वायरमनचं.

इथे मला दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही भांडायचं आहे. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहून ‘हिरवी-काळी जोडली, पंखा फिरला, म्हणजे एसएमपीएस ठणठणीत’ असा निकाल देणारे आणि ‘दहा रुपयांचा कपॅसिटर बदला, झालं’ असं सांगणारे हे लोक. पंखा फिरणं एवढंच सांगतं की पेटी सुरू झाली. ओझं न लादता मोजलेला आकडा बरोबर येऊ शकतो आणि गेम सुरू केल्यावर तोच १२ चा ११ व्होल्ट होऊ शकतो. म्हणून पिवळ्या आणि काळ्या तारेत मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब लावून मोजायचं, आणि मग गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा. तो साडेचार अँपियरच्या आसपास ओढतो. ओझ्याखाली आकडा खचला तर पेटी थकलेली आहे. शिवाय साधा मीटर सरासरी दाखवतो. १२ व्होल्टवर स्वार झालेले लहान-लहान तरंग त्याला दिसत नाहीत. मानकात या तरंगांना १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टची आणि ५ व्होल्टवर ५० मिलिव्होल्टची मर्यादा आहे, आणि ते पाहायला ऑसिलोस्कोप लागतो. तो घरी नसतो. मग खात्रीचा दुसरा एसएमपीएस थोड्या वेळासाठी लावून पाहणं हाच मार्ग उरतो. ‘बदलून पाहा’ आणि ‘बदलून टाका’ यांत हाच फरक आहे : पहिल्यात तपास चालू राहतो, दुसऱ्यात तो संपतो.

आता प्रतिपक्षाच्या सर्वांत वजनदार मुद्द्याकडे, धोक्याकडे. तो मी जसाच्या तसा मान्य करतो, उलट ते सांगतात त्याहून जास्त तपशिलानं सांगतो, कारण ‘धोका आहे’ एवढंच म्हणून थांबणं हाही एक धोकाच आहे. पेटीत शिरलेली २३० व्होल्टची वीज डायोडमधून सरळ होऊन एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते तेव्हा तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्ट झालेला असतो. पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या चांगल्या पेट्यांत तो ३८० ते ४०० च्या घरात जातो. ३३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टला भरला की त्यात सुमारे १७ ज्यूल ऊर्जा असते, आणि ती हातातून छातीमार्गे गेली तर हृदयाचा ठोका बिघडवायला पुरेशी ठरू शकते. प्लग काढला म्हणून ती नाहीशी होत नाही. ती हळूहळू उतरवायला बहुधा एक रेझिस्टर दिलेला असतो, पण तोच जळलेला असेल, किंवा स्वस्त पेटीत तो बसवलेलाच नसेल, तर कपॅसिटर बराच काळ भरलेला राहतो.

म्हणून पेटी उघडण्याचे नियम कडक हवेत. प्लग काढून बाजूला ठेवायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. उघडल्यावर कशालाही हात न लावता मीटर डीसी हजार व्होल्टवर ठेवून मोठ्या कपॅसिटरच्या दोन टोकांमधला दाब मोजायचा. तो उरलेला असेल तर साधारण दोन किलोओहमचा, दहा वॅटचा रेझिस्टर इन्शुलेशन असलेल्या चिमट्यांनी लावून उतरवायचा आणि पुन्हा मोजायचं. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून फटाका उडवायचा नाही. त्यानं कपॅसिटर आणि डोळे दोन्ही जातात. एक हात पाठीशी ठेवायचा, घरात दुसरं माणूस जागं आणि जवळ असायला हवं. आणि ज्याला हे वाचून घाम फुटला त्यानं पेटी उघडूच नये. यात कमीपणा काही नाही.

पेटी उघडणाऱ्या नवख्यानंही स्वतःला एक हद्द घालून घ्यावी. आतल्या बोर्डाच्या दोन बाजू असतात, मधोमध ट्रान्सफॉर्मर. एका बाजूला भिंतीतली वीज, दुसऱ्या बाजूला संगणकाची. धूळ काढणं, अडकलेला पंखा बदलणं, संगणकाच्या बाजूचे फुगलेले कपॅसिटर तेवढ्याच मापाचे आणि १०५ अंशाचे घालून बदलणं, हे सोल्डरिंगचा सराव केलेल्या नवख्याला जमतं. भिंतीच्या बाजूचे भाग, विशेषतः वर सांगितलेले पत्र्याला जोडलेले दोन कपॅसिटर, यांना हात लावायचा नाही. तिथे सुरक्षेची खास मान्यता असलेलाच कपॅसिटर लागतो, साधा घातला तर तो शॉर्ट होऊन पत्र्यावर थेट फेज येऊ शकते. काचेचा फ्यूज काळा पडून उडाला असेल तर नवा फ्यूज घालून समाधान मानायचं नाही, तार गुंडाळणं तर दूरच. काळा फ्यूज म्हणजे पुढचा डायोड किंवा स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट झाल्याची खूण. तिथे नवख्याचं काम संपतं आणि कारागिराचं सुरू होतं. मुरलेला कारागीर अशी पेटी सरळ प्लगला लावतच नाही. तो आधी शंभर वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालतो. शॉर्ट असेल तर बल्ब पेटून राहतो आणि पेटी वाचते. ही सगळी हद्द पाळली तर प्रतिपक्षाचा चौथा मुद्दाही, म्हणजे कच्च्या दुरुस्तीनं घर जळण्याचा, बराच निवतो. जो उरतो त्यासाठी एक अट पुरे : दुरुस्त पेटी आधी बल्बांच्या ओझ्यावर काही तास चालवायची आणि मगच संगणकाला जोडायची.

पंखा आणि धूळ यांना मी इतकं महत्त्व का देतो, तेही सांगतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंश तापमानवाढीला साधारण निम्मं होतं. १०५ अंशाला दोन हजार तासांचा म्हणून विकलेला कपॅसिटर ६५ अंशाला बत्तीस हजार तास टिकू शकतो. पंखा जाम होऊन आतलं तापमान ८५ झालं की तोच आठ हजारांवर येतो. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सदोष द्रावण भरलेले कपॅसिटर जगभरच्या मदरबोर्डांत आणि एसएमपीएसमध्ये फुगले, तेव्हा दोष कारखान्याचा होता. मच्छीमार नगरात फुगणाऱ्या कपॅसिटरमागे बहुधा खारट धुळीनं आवळलेला पंखा असतो, आणि तो वर्षातून एकदा साफ करणं हे कोणत्याही नव्या खरेदीपेक्षा स्वस्त आहे.

स्वस्ताईचा मुद्दा आता आपोआप उलटतो. पाच-सातशे रुपयांत ‘४५० वॅट’ असं छापलेला एसएमपीएस मिळतो हे खरं. त्यातला ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर पाहिले की छापलेल्या आकड्याच्या निम्म्यावरही भरवसा ठेवावासा वाटत नाही. वीज शिरते तिथला फिल्टर बऱ्याचदा बसवलेलाच नसतो. बोर्डावर त्याच्या रिकाम्या जागा आणि त्यांना ओलांडणाऱ्या जंपर तारा दिसतात. मग सल्ल्याचा अर्थ असा होतो की नुसता पंखा अडकलेली चांगली पेटी फेका आणि तिच्या जागी हलकी पेटी आणा. दुरुस्ती महाग म्हणणारे या हिशेबात चांगल्या पेटीची किंमत धरतच नाहीत.

आणि फेकलेली पेटी जाते कुठे? भंगारवाल्याकडे, तिथून कुर्ला-साकीनाक्याच्या गाळ्यांत, जिथे तांब्यासाठी ट्रान्सफॉर्मर हातोडीनं फोडतात आणि सोल्डरमधलं शिसं धुरातून माणसांच्या छातीत जातं. ई-कचरा व्यवस्थापनाचे नियम २०११ मध्ये आले, २०१६ मध्ये बदलले, २०२२ च्या नव्या नियमांची अंमलबजावणी १ एप्रिल २०२३ पासून सुरू झाली. गाळे चालूच आहेत. ज्या पेटीला घरातल्या शिकलेल्या मुलानं हात लावायचा नाही, ती फोडायला कोणाचं तरी मूल बसतं. धोका नाहीसा झाला नाही, फक्त गरिबाच्या दारात ढकलला गेला. शिवाय काही पेट्या साफ करून, कपॅसिटर बदलून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून पुन्हा बाजारात विकायलाही येतात. मग दुरुस्त होत नाही म्हणतात ती वस्तू तिथे दुरुस्त कशी झाली?

डायग्रॅम मिळत नाही, हा मुद्दा त्यामुळेच लंगडा. स्वस्त आणि जुन्या पेट्यांचा सांगाडा वर्षानुवर्षं एकच आहे : टीएल ४९४ किंवा तिची जुळी केए ७५०० ही कंट्रोल चिप, सोबत एलएम ३३९, आणि १३००७ जातीचे दोन ट्रान्झिस्टर. या चिपांची माहितीपत्रकं कोणालाही फुकट मिळतात. नव्या, महाग पेट्यांत चिपा वेगळ्या असतात आणि कंपन्या नकाशे लपवतात, हे मान्य. पण त्याविरुद्ध आवाज उठवणं हा त्यावरचा उपाय आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. त्या हक्काला अर्थ येतो तो दुरुस्ती मागणारे ग्राहक असले तरच. सगळेच ‘फेका’ म्हणू लागले तर नकाशा मागणार कोण?

राहता राहिला नवखेपणा. मच्छीमार नगरापासून थोडं दक्षिणेला, कुलाब्याच्या टोकाला, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. या संस्थेतल्या गटानं १९५६ मध्ये एका संगणकाचं छोटं प्रायोगिक यंत्र चालवून दाखवलं आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र उभं केलं; १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ नाव दिलं. त्यात हजारो निर्वात नळ्या होत्या आणि त्यांना पुरेशी स्वच्छ वीज देणं हे स्वतंत्र काम होतं. गटाचे प्रमुख आर. नरसिंहन सोडले तर त्यातल्या कोणीही त्याआधी संगणक वापरलेलाही नव्हता. ‘ते भौतिकशास्त्राचे पदवीधर होते, बारावीतली मुलं नव्हेत,’ असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. पण पदवीइतकीच दुसरी गोष्ट त्यांच्या कामी आली, ती म्हणजे क्रम. आधी छोटं यंत्र, त्यावरची मोजमापं, मग मोठं. नवखेपणावर उतारा म्हणून हा क्रम शिकवता येतो. आपण तो शिकवत नाही. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी केला. त्यांना पत्र टाइप करता येतं, कोष्टक भरता येतं, पण आपल्या यंत्राची जांभळी तार मोजायला त्यांच्यातल्या फारच थोड्यांना कोणी सांगितलं असेल.

मच्छीमार नगरात हे शिकवणं अवघड नसावं. जून आणि जुलैत मासेमारी बंद असते. बोटी ओढून घेतलेल्या असतात, जाळी विणली-सांधली जातात, इंजिनं उघडली जातात. दुरुस्तीला वर्षातले दोन महिने राखून ठेवलेला हा समाज आहे. बोटीवरचा वायरलेस, जीपीएस, बॅटरीच्या तारा यांतला बिघाड समुद्रात शोधावा लागतो; तिथे ‘बदलून टाका’ म्हणायला दुकान नसतं. अशा घरातल्या मुलांना ‘तुम्हाला जमणार नाही’ म्हणणं हे अज्ञान आहे, आणि थोडा उद्धटपणाही. नेमके याच दोन महिन्यांत ओल्या मिठामुळे संगणकही जास्त आजारी पडतात. वस्तीतल्या एखाद्या संस्थेच्या खोलीत मल्टिमीटर, दोन गाडीचे बल्ब, एक खात्रीचा एसएमपीएस आणि वस्तीतला एक वायरमन एवढं जमवलं तर तपासाचा पहिला टप्पा वस्तीतच पार पडेल, आणि सोबत कोणाच्या भिंतीत अर्थिंग नाही याची यादीही तयार होईल. ती यादी एसएमपीएसपेक्षा मोलाची. तिच्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत.

तपासानंतर पेटी खरोखरच मेलेली निघाली, तर जरूर बदला. भिंतीच्या बाजूचा शॉर्ट, जळून कोळसा झालेला बोर्ड, वास मारणारा ट्रान्सफॉर्मर, अशा पेटीला नवख्यानं सलाम करून ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात द्यावं. मी बदलण्याच्या विरोधात नाही. कारण न सांगता बदलायला लावणाऱ्यांच्या विरोधात आहे. तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘एसएमपीएस गेला’ म्हणालं, की त्याच्याकडे तीन तपशील मागा : जांभळ्या तारेवर किती आले, ओझ्याखाली पिवळीवर किती आले, आणि घरातल्या अर्थिंगचं काय. तिन्ही सांगितले तर पैसे खुशाल द्या, तो कारागीर आहे. नाही सांगता आले, तर पाकीट खिशात ठेवा आणि पेटी उचलून घरी आणा. काय गेलं ते त्यालाही ठाऊक नाही.